शेवटच्या लढाईचा पी.टी. मास्तर

"पडा सर."

मी उभाच होतो.

"अरे पडा ना सर. पाहुणे वाट पाहून राहिले."

मी पडलो. शाळेच्या मैदानात, सगळ्या पोरांसमोर, उताणा. डोक्याला काळं फडकं बांधलेलं. संस्थेच्या सचिवांचा मुलगा पुढे आला. नववी-दहावीत मीच त्याला पी.टी. शिकवली होती. त्यानं बूट माझ्या छातीवर ठेवला. नुसता टेकवला असता तर नाटक म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं भार दिला. मग हातातली लाठी वर करून माईकवर म्हणाला, "शत्रूचा नाश झाला. शांती प्रस्थापित झाली."

टाळ्या वाजल्या. एक पांढरं कबुतर सोडलं. ते आभाळात जायला हवं होतं, ते शाळेच्या छपराच्या कवेलूवर जाऊन बसलं आणि पिसं खाजवत राहिलं. मी खालून त्याच्याकडे पाहत होतो. उठायचं कधी ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तरी मी पडलेलाच. शेवटी शिपाई आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "उठा सर, झालं तुमचं."

प्रात्यक्षिकातला शत्रू खरं तर तनसीचा ठरला होता. धान झोडून उरलेली ताजी तनस आणून आदल्या दिवशी मीच पोरांना घेऊन तो बांधला. जुनी पँट, जुना शर्ट, डोक्याच्या जागी मडकं. संध्याकाळी मैदानात उभा करून आम्ही घरी गेलो. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नवी तनस अशी उघड्यावर सोडत नाहीत. पण आम्हाला ती तनस दिसतच नव्हती, शत्रू दिसत होता. सकाळपर्यंत गावच्या गाईंनी शत्रूला पोटभर खाऊन टाकलं. पँट आणि फुटकं मडकं तेवढं उरलं.

पाहुणे रस्त्यात होते. आता जिवंत शत्रू हवा. मुख्याध्यापकांनी शिक्षकांवरून नजर फिरवली. एकाची कंबर धरली होती. एक सचिवसाहेबांचा भाचजावई. एकानं नेमका पांढरा सदरा घातला होता. हे बहाणे मला आजही पाठ आहेत. मग गोंदियाहून आलेले भैयाजी हसत हसत बोलले, "अपने गुरुजी हैं ना. शोभून दिसतील. रंग भी जमता है."

सगळे हसले. मीही हसलो. छातीवरच्या बुटापेक्षा माझं ते हसणं मला जास्त झोंबतं.

मी बौद्ध. शाळेचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या पट्ट्यातलं एक गाव समजा. शाळा खासगी संस्थेची. संस्था गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरातली; सचिवसाहेब त्याच घरचे. मी तिथं अकरा वर्षं मानधनावर पी.टी. शिकवत होतो. माझ्या कायम मान्यतेचा प्रस्ताव सचिवसाहेबांच्या टेबलावर होता. त्यांची सही झाली की तो पुढं जाणार. ती सही म्हणजे आमच्या घराचं सगळं काही होतं. बायको दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाते, पोरगी त्याच शाळेत सहावीत. त्या एका सहीसाठी मी अकरा वर्षं "हो साहेब" म्हणत आलो होतो. एकदा त्यांच्या घरच्या लग्नात पंगतीत वाढायला गेलो तर म्हणाले, सर, तुम्ही पाण्याच्या टँकरकडे पाहा. गेलो. टँकरकडे पाहिलं.

भैयाजी आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी आले. गोंदियातल्या व्यापारी घरातला माणूस, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आवाज मऊ. त्यांची एक संघटना होती. शनिवारी शाळा सुटली की पोरांना लाठी, कवायत, व्यूह शिकवायचं, मग व्याख्यान. सचिवसाहेबांनी मैदान दिलं आणि सोबत मलाही देऊन टाकलं. पहिल्याच दिवशी भैयाजींनी माझ्या गळ्यात नवी शिट्टी घातली आणि सगळ्यांसमोर नमस्कार केला. "आजपासून आप गुरुजी." तोवरच्या नऊ वर्षांत त्या शाळेत मला कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. इतर शिक्षकांना म्हणत. मला नुसतं सर, तेही नाक मुरडून.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू. रांगेत पोट्टे उभे, माझ्या शिट्टीवर वळतात, बसतात, धावतात. पाटलाचं पोरगं असो की मालगुजाराच्या भावकीतलं, माझ्या शिट्टीवर हलायचं. मी मन लावून शिकवलं. इशारे मीच बसवले. एक लांब शिट्टी म्हणजे रांग. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे घेर, समोरच्याला चारी बाजूंनी कोंडायचं. तीन आखूड म्हणजे विसर्जन. महिन्याभरात पोरं अशी तयार झाली की भैयाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "लढाई कोनासंग आहे पन?"

मी म्हणालो, "लढाई नाही वं. शांतीसाठी आहे."

"शांतीले लाठी कायले लागते?"

भैयाजींना याचं उत्तर आलं असतं. त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. ते म्हणायचे, "शांति माँगने से नहीं मिलती बच्चों. एक आखिरी लड़ाई होगी. बस एक. उसके बाद कोई लड़ाई नहीं." गळू झालं तर फोडावंच लागतं, पू निघाला की रोगी शांत झोपतो, असं सांगायचे. पोरांना पटायचं. मलाही पटायचं. गळू कोणाच्या अंगावर आहे आणि सुरी कोणाच्या हातात, हे विचारायचं मला सुचलं नाही. बुद्धाबद्दलही बोलायचे. माझ्याकडे पाहून बोलायचे. महान पुरुष, पण त्यांच्या करुणेनं देश नेभळट झाला. मी माझ्या घरात रोज त्याच बुद्धापुढे मेणबत्ती लावायचो आणि शनिवारी ते ऐकून मान हलवायचो.

शत्रू पण सरकत गेला. पहिल्यांदा तो सरहद्दीपलीकडे होता. पावसाळ्यानंतर तो मोठ्या शहरांत आला. दिवाळीपर्यंत गोंदियाच्या बाजारात. संक्रांतीच्या सुमारास भैयाजी म्हणाले, शत्रू आपल्या रोजच्या रस्त्यावरून जातो, आपल्याला सलाम करतो, आपल्या बायकांच्या हाताला हात लावतो. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. त्यांना कळलं होतं कोण ते. मलाही कळलं होतं. मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसलो.

एकदा आठवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "भैयाजी, शांती झाल्यावर मंग आपन का करू?"

"पहरा देंगे."

"किती दिवस?"

"हमेशा."

ती खाली बसली. तिच्या तोंडावर मी पाहिलं, तिला ते काही पटलं नव्हतं. ती तेरा वर्षांची आणि मी अडतीसचा.

तर त्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी घरी आलो. अंगणात शर्ट झटकत होतो. पोरगी दप्तर घेऊन मागं उभी.

"बाबा, तुमी काऊन पडले? त्यानं तं तुमाले मारलं बी नवतं."

"नाटक होतं ते बेटा."

"मंग त्यानं पाय कायले ठेवला?"

बायको चुलीपाशी होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "सायबाच्या पोट्ट्याचा बूट होता. पुरं गाव सांगून राहिलं. मान्यता आल्यावर तो बूट खाली उतरन का?"

मी तिच्यावर ओरडलो. तुला काय कळतं म्हणालो. जेवलो नाही. दुसऱ्या शनिवारी पुन्हा शिट्टी घालून मैदानात गेलो. हे लिहायला सगळ्यात जड जातं. लोकांच्या गोष्टीत अपमान झाला की माणूस पेटून उठतो. मी नाही उठलो. मी माझं नाक मुठीत धरून प्रस्तावाची वाट पाहत राहिलो.

आमच्याकडे बुधवारी बाजार भरतो. त्यानंतरच्या एका बुधवारी मी दुपारी टपरीवर चहा घेत होतो. शाळेला सुट्टी होती. बाजाराच्या टोकाकडून शिट्टी ऐकू आली.

एक लांब. दोन आखूड.

चहा पँटवर सांडला. मला बघायची गरज नव्हती. तिकडे काय होतं आहे ते मला जसंच्या तसं दिसत होतं. डावीकडचे चार जण आधी धावतील, मागून तिघं रस्ता बंद करतील, मग घेर आवळत जाईल. मीच शिकवलेलं. आवळताना घाई करायची नाही, असंही मीच सांगितलेलं.

मी धावलो. घेराच्या मधोमध बांगडीवाला चाचा होता. साठीचा माणूस. तीस वर्षं सायकलवर पेट्या बांधून आमच्या गावांत फिरतो. आमच्या लग्नात माझ्या बायकोचा चुडा त्यानंच भरला होता. सायकल आडवी. पेट्या उघड्या. रस्त्यावर काचांचा सडा. चाचा एका रिकाम्या पेटीवर बसून डावा हात उजव्या हातात धरून होता. मनगट वाकडं झालं होतं. नववी-दहावीची पोरं, हातात माझ्या कवायतीच्या लाठ्या. बाजारातली माणसं लांब उभी. कोणी मोबाईल वर धरला होता. पोरांमधला एक, गळ्यात शिट्टी, ओरडत होता, "शांती प्रस्थापित झाली."

गळ्यातली शिट्टी मी सुट्टीतही काढत नसे; ती तोंडात घातली. तीन आखूड.

पोरं थांबली. सवयीनं. लाठ्या खांद्याला लावल्या, दोन रांगा केल्या आणि पावलं मिळवत निघून गेली. इतकी शिस्त. त्यांच्यातल्या एकानं जाता जाता मला सॅल्यूट केला. त्याला वाटलं मी तपासायला आलो.

चाचानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मास्टरजी, ये आपके बच्चे हैं?"

"हां चाचा. मेरे हैं."

त्याला मोटारसायकलवर बसवून मी दवाखान्यात नेलं. प्लास्टर ओलं असताना तो म्हणाला, "बस्स, रिपोर्ट मत करना. मुझे इसी बाज़ार में बैठना है."

शुक्रवारी सचिवसाहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझा मान्यतेचा प्रस्ताव. दुसरा टाईप केलेला जबाब. बांगडीवाला सायकलवरून तोल जाऊन पडला, शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्याला मदत केली. खाली लिहिलेलं, प्रत्यक्षदर्शी शिक्षक, आणि माझं नाव. भैयाजी बाजूच्या खुर्चीत होते.

"दोन्हीवर सह्या होऊन जातील," साहेब म्हणाले. "इकडे तुमची, तिकडे माझी."

मी म्हणालो, "साहेब, त्याचा हात मोडला."

भैयाजी म्हणाले, "गुरुजी, शांति की कीमत होती है."

"कोण देतं ती?"

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. ते हसले. "आप भावुक हो रहे हैं."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम प्रेमळ झाला. "हे पाहा सर. माझ्या आजोबांच्या काळी या गावात एक भांडण नव्हतं. एक नाही. सगळे आपापल्या जागी. पूर्ण शांती होती. आम्हाला दुसरं काय पाहिजे? तीच परत आणायची आहे. त्यासाठी थोडं कठोर व्हावं लागतं."

मी ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. कारण त्यांच्या आजोबांच्या काळी माझेही आजोबा त्याच गावात होते.

माझे आजोबा त्यांच्या गोठ्यातली मेलेली गुरं ओढायचे. त्यांच्या दारावरून जाताना चप्पल काखेत धरायचे. त्यांच्या तलावाची माती आमच्या बायांनी डोक्यावर वाहिली आणि त्याच तलावावर आमच्या घागरीला वेगळा घाट होता. हो, भांडण नव्हतं. भांडायला तोंड उघडावं लागतं. मग आजोबा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले आणि एके सकाळी त्यांनी सांगितलं, आता आम्ही गुरं ओढणार नाही. बस, एवढंच. ना हात उगारला ना शिवी दिली. मालगुजाराचा बैल चार दिवस दारात फुगून पडला. गावानं आमचं पाणी बंद केलं, काम बंद केलं, झोपड्यांवर दगड मारले. माझ्या आजोबांनी दगड परत मारला नाही आणि बैलालाही हात लावला नाही. मालगुजाराच्या घरात आजही ती आठवण निघते तेव्हा म्हणतात, तेव्हापासून गावची शांती गेली.

म्हणजे हेच ते. कोणीतरी खाली पडलेलं आणि कोणीतरी त्याच्यावर पाय देऊन उभं, याला हे लोक शांती म्हणतात. खालचा उठायला लागला की यांना युद्ध सुरू झाल्यासारखं वाटतं. मग त्याला पुन्हा पाडायचं, आणि त्या पाडण्याला शेवटची लढाई म्हणायचं. पाडायला हात आमचेच वापरायचे. पुढच्या रांगेत आम्हाला उभं करायचं, गुरुजी म्हणायचं, शिट्टी द्यायची. आज चाचा खाली. उद्या त्यांना चाचा पुरणार नाही. तनस गाईंनी खाल्ली तेव्हा त्यांनी कोणाकडे बोट दाखवलं ते मी विसरलो कसा?

मी जबाबाचा कागद उचलला. चार तुकडे केले. टेबलावरच ठेवले, उगीच केर नको.

साहेबांचा प्रेमळपणा संपला. "तुम्हाला आम्ही माणसात आणलं. लक्षात ठेवा. दुसऱ्या कोणी तुमच्यातल्याला शाळेच्या पायरीवर उभं केलं नसतं."

"साहेब," मी म्हणालो, "तुम्ही मला माणसात आणलं नाही. मैदानात आडवं पाडलं. मी पडलो, ती माझी चूक. ही सही मात्र मी करत नाही."

माझा आवाज शूर माणसासारखा निघाला नाही. पण शब्द हेच होते.

भैयाजी शांतपणे म्हणाले, "सोच लीजिए. पुलिस पूछेगी, सिखाया किसने. नाम आपका आएगा. हमारा तो कागज़ पर कहीं है ही नहीं."

खरं होतं. त्यांनी सगळं आधीच विचार करून ठेवलं होतं. इशारे माझे, शिट्टी माझी, हजेरीपटावर सही माझी. युद्ध त्यांचं आणि पुरावा मी.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. प्रस्ताव गेला, कदाचित मीही जाईन आत. ती सुपात तांदळातले खडे वेचत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पोट्टीले का सांगू?" तिनं विचारलं.

"खरं सांग."

"मंग जा. माही रोवणी आहेच." मग, माझ्याकडे न पाहता, "भेव लागून राह्यलं मले. पन जा."

शनिवारी सकाळी मी चाचाकडे गेलो. त्याला सांगितलं, तुम्ही तक्रार करू नका, मी करतो. तो घाबरला. माझा हात धरून म्हणाला, आपके भी बच्चे हैं. मी म्हणालो, म्हणूनच.

पोलीस ठाण्यात हवालदार ओळखीचा निघाला. आमच्याच भागातला. त्यानं कागद पुढे ओढला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. कवायत कोणी सुरू केली, व्याख्यानात काय सांगितलं, शत्रू कसा सरकत सरकत बाजारात आला. मग मी म्हणालो, घेराचा इशारा मी शिकवला. पहिलं नाव माझं लिहा.

त्यानं पेन थांबवलं. दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "गुरुजी, तुमी सोताच सोताले गुतवून राहिले ना. हे वाक्य गाळून टाकू का?"

"गाळू नका."

"नोकरी जाईन."

"गेलीच."

"आत बी जासान."

"मी गेलो तर विचारावं लागेल की मला कोणी उभं केलं. माझं नाव नसलं तर त्यांच्यापर्यंत रस्ताच जात नाही. लिहा."

त्यानं लिहिलं. मी वाचलं, सही केली. अकरा वर्षं ज्या सहीची वाट पाहिली ती दुसऱ्याची होती. ही माझी.

सोमवारी शाळेचं पत्र आलं. सेवा समाप्त. कारण, शिस्तभंग. भाऊ गोंदियाजवळ फुलचूरला राहतो, तो म्हणाला, काही दिवस माझ्याकडे ये, गाडी पकड, वातावरण निवळू दे. मी नाही म्हणालो. भैयाजींची कवायत थांबलेली नाही. शिट्टी आता सचिवांच्या मुलाच्या गळ्यात आहे आणि इशारे माझेच चालू आहेत. माझी पोरगी त्याच मैदानातून वर्गात जाते.

मी लढाई सोडलेली नाही, हे त्या लोकांनी नीट समजून घ्यावं. मी पडणार नाही आणि पाडणारही नाही. दोन्ही गोष्टींना नकार दिला की त्यांच्याजवळ माझ्यासाठी जागा उरत नाही, आणि तेच मला पाहिजे होतं. मला अटक झाली तर मी न्यायालयात हेच बोलेन. झाली नाही तर उद्या सकाळी, प्रार्थनेच्या वेळी, शाळेच्या फाटकापाशी जाईन. ज्या पोरांनी मला सॅल्यूट केला त्यांना सांगायचं आहे की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, तो म्हातारा तुमचा शत्रू नव्हता, शेवटची लढाई असं काही नसतं, आणि जो तुम्हाला तसं सांगतो त्याचं पोर कधी तुमच्या रांगेत उभं होतं का ते आठवा. आत घेणार नाहीत हे मला माहीत आहे. बाहेरून सांगेन. पी.टी.चा मास्तर आहे मी, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.